नऊ तालांची माणसं

४ फेब्रुवारी

ऑफिसात हात धुण्याच्या जागी नवा आरसा बसला आहे. बसवणारा गृहस्थ साडेसहा फुटी असावा, किंवा स्टुलावर उभं राहून विचार करायची त्याला सवय असावी. त्यात मला माझं फक्त कपाळ दिसतं. भुवयांपासून वर. आज चार वेळा पाहिलं. तिथे काहीतरी लिहिलेलं असतं म्हणतात. मला दोन आठ्या आणि शाईचा एक डाग आढळला. रीतसर अर्ज लिहायला घेतला — ‘मी खाली सही करणार, आपल्या कार्यालयात गेली अकरा वर्षे नाक, तोंड व हनुवटीसह कामावर हजर असून...’ इथवर मजकूर झकास उतरला होता. मग मालकांनी हाक मारली.

मालकांना मी मनातल्या मनात ‘उंटावरचे’ म्हणतो. आमचा धंदा, न बांधलेल्या इमारतींची चित्रं संगणकावर काढण्याचा. भिंती दुसरे उभ्या करतात, उजेड प्रकाशबाई पाडतात (हे त्यांचं खरं नाव नव्हे, पण आता त्याही हाकेला ओ देतात), आणि माणसं मी घालतो. संस्कृतात एम.ए., मूर्तींच्या मापांवर प्रबंध, आणि पोटासाठी माणसं घालतो! सोफ्यावर एक, खिडकीशी एक, हातात कप दिलेली एक. उंची, मान, खांदे, पाय, सगळ्याला एकेक सरकता काटा. ब्रह्मदेवाकडेही याहून बरी सोय नसेल.

उंटावरच्यांच्या पडद्यावर वयस्कांसाठीच्या नव्या इमारतीतला फ्लॅट होता.

“शास्त्रीबुवा, खोली लहान दिसते.”

“लहानच आहे.”

“आहे ते मला ठाऊक आहे. मी ‘दिसते’ म्हणालो.”

“मग मोठी करू या.”

“खोली कशी मोठी करणार? नकाशा मंजूर झालाय.” मग फार मोठं सांगतोय अशा आवाजात — “माणसं लहान करा.”

६ फेब्रुवारी

सगळ्यांना पंधरा टक्के कमी केलं. वडिलांचे कपडे चढवून पोरं उभी राहावीत तसे दिसायला लागले. प्रकाशबाई म्हणाल्या, “शाळेतलं नाटक आहे का हो हे? त्या कपवाल्या आजीबाई पाचवीतल्या वाटतात.”

९ फेब्रुवारी

सापडलं.

डोळा माणसाची उंची फुटांनी मोजत नाही. डोक्यांनी मोजतो. हे माझ्या प्रबंधाच्या दुसऱ्याच प्रकरणात आहे, जे आजवर तिघांनी वाचलं — त्यातला एक मी. चेहऱ्याची लांबी म्हणजे एक ताल. देव नऊ ताल नि त्याहून वर, माणूस आठ, बुटके गण चार. मूर्ती वीतभर असो की वीस हात, नऊ ताल भरले की पाहणाऱ्याला ती उंचच वाटते.

मी सगळ्यांना पाच फुटांवर आणलं, पण डोकं अंगाच्या नवव्या भागाएवढंच ठेवलं. मान किंचित लांब. गुडघ्याखाली दोन बोटं जास्त. दारांच्या कड्या आणि दिव्यांची बटणं त्यांच्या हाताला येतील इतकी खाली घेतली. सोफा आटवला. आणि काय सांगावं, पडद्यावर सहा फुटी, देखणी, सुखवस्तू म्हातारी माणसं एका दिवाणखान्यात हिंडायला लागली. दिवाणखानाच म्हणायचा! कालपर्यंत ती खोली होती.

उंटावरचे उठून उभे राहिले. “हे तुम्ही शोधलंत?”

“नाही. हजारेक वर्षांपूर्वीच शोधून झालंय.”

“म्हणजे आता कोणी हक्क सांगायला येणार नाही. उत्तम.”

त्यांनी त्याला ‘नऊची मात्रा’ असं नाव दिलं. इथे खोटं कशाला लिहू — मला आनंद झाला. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या विद्येकडे पाहून कोणी उठून उभं राहिलं.

१३ फेब्रुवारी

इमारत वयस्कांची, तेव्हा न्हाणीच्या दारातून चाकांच्या खुर्चीतला माणूस आत जाताना दाखवा, असा हुकूम. आमच्या कोठीत सव्वादोनशे माणसं आहेत. नाचणारी, धावणारी, कुत्र्यामागे फरफटत जाणारी. खुर्चीतलं एकही नाही. शेवटी भावोजींचे फोटो काढले आणि त्यांच्यावरून एक घडवला. चेहरा नंतर बदलू म्हटलं. बदलला नाही. आळस म्हणा, लाड म्हणा.

मग इतरांसारखीच मात्रा. माणूस आणि खुर्ची, दोन्ही कमी. दार मात्र नकाशात होतं तेवढंच ठेवलं. खुर्ची अलगद गेली, दोन्ही बाजूंना बोटभर जागा ठेवून.

१९ फेब्रुवारी

ताईकडे गेलो. तिसरा मजला, लिफ्ट नाही. भावोजींना अर्धांगाचा झटका आला त्याला दोन वर्षं होतील. त्या तीन मजल्यांमुळे गेले अकरा महिने ते खाली उतरलेले नाहीत. शेवटचे उतरले ते दोन हमालांच्या हातांवर, दवाखान्यासाठी. न्हाणीचा उंबरठा वीतभर. खुर्ची चढत नाही. झटका आल्यापासून ताई त्यांना पलंगावरच ओल्या फडक्याने पुसते. चाळीस वर्षं लोकांचे कोट बेतलेला माणूस, कॉलरवर दोरा दिसला तरी ज्याला चैन पडत नसे. आता कडेला जुना टॉवेल, खाली मेणकापड.

करमणूक म्हणून फोनवर चित्र दाखवलं.

“अगंबाई, हे तर हेच!” ताई म्हणाली. “अहो, बघा तरी, तुम्हाला छापलंय. किती ऐटीत चाललेत न्हाणीकडे.”

भावोजींनी पाहिलं. झटक्यापासून त्यांच्याकडे मोजून पाच-सहा शब्द उरले आहेत, तेही वेळेला सापडत नाहीत. डाव्या हाताचं बोट पडद्यावर टेकवलं आणि म्हणाले, “डो...कं.”

“काय झालं डोक्याला? दुखतंय?”

मान हलवली. बराच वेळ शोधून काढल्यासारखं — “ल...हान.”

ताई हसत सुटली. “चित्रात तरी लहान असू द्या. जन्मभर मोठं करून मिरवलंत!”

मीही हसलो. जरा जास्तच मोठ्याने. चाळीस वर्षं गळे आणि खांदे मोजलेला माणूस तो. त्याला कळलं, आणि त्याला कळलं हे मला कळलं. ते चित्राकडे पाहत नव्हते. माझ्याकडे पाहत होते.

ताईने फोन पुन्हा जवळ धरला. “खुर्ची खरंच आत जाते का रे? सरळ?”

“चित्रात जातेय ना?” मी म्हणालो.

हे वाक्य इथे जसंच्या तसं उतरवून ठेवतो. यात एकही शब्द खोटा नाही.

२ मार्च

ताईने तो फ्लॅट घेतला. जुनं घर विकायला काढलं. मला कोणी विचारलं नाही. बातमी हिच्याकडून कळली.

फोन केला. “अगं, जाऊन पाहायचं तरी.”

“गेले होते की. नुसते खांब आणि स्लॅब. काय पाहणार? दार म्हणून एक भोक होतं, त्यातून सिमेंटची पोती नेत होते. आणि तू काढलंयस म्हणजे मापानेच काढलं असशील. लहानपणी माझ्या बाहुलीचं नाकसुद्धा पट्टीने आखायचास.”

“ताई, चित्र म्हणजे...”

“पहिला मजला आहे, लिफ्ट आहे, उंबरठा नाही. आता मोडता घालू नकोस.”

मोडता घातला नाही.

३ मार्च

उद्या सांगतो.

१७ मार्च

ही म्हणाली, “ताईंना सांगितलंत का?”

“दाराचं नक्की माप पाहिल्याशिवाय काय सांगू? कदाचित जाईलही.”

“तुम्हाला माहीत नाही माप?”

“नकाशात आहे. प्रत्यक्षात इंच-दोन इंच इकडेतिकडे होतं.”

“तुमच्याच बाजूने होईल ना ते?” असं म्हणून ती भाजी निवडायला लागली. बायका वादात हरत नाहीत, भाजी निवडतात.

१७ एप्रिल

उंटावरच्यांनी खूश होऊन मला नवी खुर्ची दिली. चाकांची आहे. यावर विनोद सुचला, तो लिहीत नाही.

१० जून

टेप घेऊन एकटाच इमारतीवर गेलो. न्हाणीला चौकट बसली आहे. आतून आत साडेतेवीस इंच. भावोजींची खुर्ची, चाकाच्या कडेपासून कडेपर्यंत, पंचवीस.

दीड इंच.

तीन वेळा मोजलं. टेप उलटी धरूनही मोजलं — एम.ए. झालेल्या माणसाने!

गवंडी कोपऱ्यात डबा खात होता. त्याला विचारलं, चौकट काढून दार थोडं रुंद करता येईल का.

“एका अंगाला पाण्याचे पाइप, दुसऱ्या अंगाला कॉलम,” तो म्हणाला. “कॉलमला हात लावला तर वरचे सहा मजले विचारायला येतील.”

“दीड इंचच हवंय.”

“साहेब, दीड इंच म्हणजे दोन बोटं. नसली की नसली.”

१२ जून

उंटावरच्यांना सांगितलं. माझी बहीण, माझा मेव्हणा, ही अशी खुर्ची. ऐकून घेतलं. मग चित्र उघडून खालचा कोपरा एवढा मोठा केला की अक्षरं पडदाभर झाली — ‘चित्र केवळ कल्पना येण्यासाठी.’

“ही ओळ तुम्हीच सुचवली होती ना?”

मीच. ‘कल्पनादर्शक’ लोकांना कळत नाही, सोपं लिहा, असं मीच म्हणालो होतो.

“बाकी,” ते म्हणाले, “नव्या कामात पोहण्याचा तलाव आहे. पोहणाऱ्यांना मात्रा कशी द्यायची ते बघा.”

१५ जून

आजारी माणसांचं सामान विकणाऱ्या दुकानात गेलो. अरुंद खुर्ची मागितली. होती. बाहेरून तेवीस. जाईल! जीव भांड्यात पडला. मग दुकानदाराने विचारलं, बसायला किती इंच लागेल?

“आता आहे ती अठरा आहे.”

“ही सोळा. पेशंट बारीक आहे का?”

“नाही.”

“मग कसं व्हायचं? खुर्ची मी लहान देईन, माणूस कुठून लहान आणू?”

त्याने सहज म्हटलं. गिऱ्हाइकांशी रोज असंच बोलत असेल.

२१ जून

आज सांगायचंच, असं ठरवून ताईकडे. वाटेत वाक्यं जुळवली. आधी भूमिका, मग दोषाचा स्वीकार, शेवटी उपाय. उपाय नव्हता, तरी जागा सोडून ठेवली होती.

घरात खोकी. ताई कपाट रिकामं करत होती. बोलायला शिकवणाऱ्या बाई आठवड्यातून दोनदा येतात, त्या बसल्या होत्या. भावोजींसमोर वस्तूंची चित्रं. “हे काय?” “का...त्री.” “वा! आणि हे?” “सुई.” सुई अगदी स्वच्छ आली. ताईने माझ्याकडे असं पाहिलं, जणू पोराने पहिला नंबर काढला.

मग स्वयंपाकघरात चहा गाळता गाळता म्हणाली, “खरं सांगू? मला ना दिवाणखाना हवाय, ना बाल्कनी. यांना एकदा शॉवरखाली बसवून डोक्यावरून पाणी घालायचंय. दोन वर्षं झाली रे. पुसून पुसून माणूस फर्निचर होतो.”

चहा घेतला. उत्तम झाला होता, असं म्हणालो. घरी आलो.

५ ऑगस्ट

सामान हललं. भावोजी लिफ्टने वर गेले. लिफ्टच्या आरशात स्वतःला बघत होते. ताईने आल्या आल्या सगळ्यात आधी न्हाणीचं दार उघडलं. नवी बादली, नवा टॉवेल, सगळं आदल्या दिवशीच आणून ठेवलेलं. खुर्ची ढकलली. अडली. मागे घेतली, तिरकी केली, पुन्हा ढकलली. चाकाने चौकटीचा रंग काढला.

“ब्रेक लागलाय का रे?”

“नाही.”

मी वाकून चाकाशी खोटंखोटं काही केलं. किती वेळ वाकलेलं राहायचं, त्यालाही मर्यादा असते.

संध्याकाळी तिने त्यांना पलंगावर पुसलं. नव्या टॉवेलाने.

७ ऑगस्ट

“फसवलं मेल्यांनी,” ताई फोनवर. “तू काढलंस तेवढं दारच ठेवलं नाही. उद्या त्यांच्या ऑफिसात जाते. चित्र घेऊन तू ये. साक्षीला. तुझ्या शब्दापुढे काय बोलतात बघू.”

ही शेजारीच उभी होती. तिला सगळं ऐकू गेलं. भाजीही निवडली नाही.

८ ऑगस्ट

बिल्डरचा माणूस अतिशय सभ्य. पाणी दिलं, पंखा वाढवला. “मॅडम, दार नकाशाप्रमाणेच आहे.”

“मग चित्र खोटं?” ताई म्हणाली, आणि माझ्याकडे वळली. “सांग रे. दार तू मापात काढलं होतंस की नाही?”

तो माणूस माझ्याकडे पाहायला लागला. त्याला मी ठाऊक होतो. नऊची मात्रा त्याच्याच चित्राला दिलेली. ताई पाहत होती. आणि मी ज्याच्यासाठी एवढी वर्षं व्याकरण शिकलो, तो नेमका शब्द निवडून बोललो.

“दार मापात आहे.”

“ऐकलंत?” ताई जिंकल्यासारखी म्हणाली. मग स्वतःच थांबली. “दार बरोबर आहे... मग खुर्ची का अडते?”

“खुर्ची मोठी असेल, मॅडम,” तो माणूस हळुवार म्हणाला. “साहेब अंगाने जरा... भरलेले असतील.”

ताई रिक्षात म्हणाली, “खरंय. झोपून झोपून वाढलेत. माझंच लक्ष नाही.”

रस्ता चांगला अर्ध्या तासाचा होता.

२० ऑगस्ट

ताई त्याच दुकानात जाऊन आली. सोळा इंची खुर्ची पाहून, सांगून ठेवून आली आहे. दुकानदाराने तिलाही तेच सांगितलं असणार. तिने ऐकलं मात्र वेगळं. भावोजींचं जेवण निम्मं केलंय. सकाळी एक वाटी, रात्री अर्धी.

“दोन इंच तर कमी करायचेत,” म्हणाली. “होतील. चाळीस वर्षं लोकांचे कपडे आत घेतले यांनी, आता स्वतःला घ्यायचंय.”

ही आज माझ्याशी बोलली. एकच वाक्य. “चित्रातला माणूस लहान केलात ते एक. हा जिवंत आहे.”

२९ ऑगस्ट

ताईकडे. भावोजींचा गळा कॉलरमध्ये सैल झाला आहे. शर्ट त्यांनीच शिवलेला, झटक्याआधी. कधी बोटाचीही फट नसे. ताई दर रविवारी टेपने त्यांची कंबर मोजते आणि कॅलेंडरवर लिहिते. त्यांचीच टेप, पितळी टोकाची. ते हात वर करून मोजू देतात. नजर माझ्यावर.

“भूक,” मधेच म्हणाले. ताईने ऐकलं नाही असं केलं, आणि डोळे पुसायला आत गेली.

मी तेव्हा सांगायला हवं होतं. खोलीत आम्ही दोघंच होतो. म्हणजे सांगायची गरज नसलेला एकटाच माणूस समोर होता.

३ सप्टेंबर

पाऊण इंच, असं ताईचा निरोप. पुढे हसरा चेहरा.

११ सप्टेंबर

सकाळी ताईचा फोन. रडत होती, आनंदाने. बोलायला शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, एवढी प्रगती त्यांनी फार थोड्यांत पाहिली. दिवाळं निघालेलं दुकान पुन्हा उघडावं तसं झालंय. भावोजी आता तीन-तीन शब्द जोडतात. काल पहिलं अख्खं वाक्य बोलले — “खिडकी लाव, गार लागतंय.” रविवारी सगळ्यांनी या, म्हणाली. यांना तुझ्याशी काहीतरी बोलायचंय, तुझंच नाव घेतात.

“छान झालं,” मी म्हणालो.

छान झालेलं नाही. गेले सात महिने मी या वहीत दारं मोजतो आहे. भावोजी रोज थोडे कमी होताहेत, त्याची मला काळजी वाटायला हवी. ती वाटत नाही असं नाही. पण रात्री जाग येते ती तिच्यामुळे नव्हे. ते बोलायला लागतील, याची मला भीती वाटते. ते बोलू नयेत, असं मला वाटतं.